पर्णकुटीचा जमाखर्च

अरण्यवासाचे साहित्य आपल्याकडे ज्या रीतीने वाचले आणि शिकवले जाते, तीत एक पान हमखास गाळले जाते. ते पान यादीचे असते. लेखक रानात गेला, एकटा राहिला, त्याला काहीतरी उमगले, ही हकिगत आपण आवडीने सांगतो. जाताना त्याने काय नेले, निवारा कोणी उभारला, पाणी कुठून आणले, खर्च किती आला आणि तो कोणी सोसला, हे मात्र आपल्याला साहित्याबाहेरचे वाटते. प्रस्तुत लेखकाचे मत नेमके उलट आहे. अरण्याशी माणसाचे नाते काय आहे, हे त्याच्या चिंतनापेक्षा त्याच्या तयारीत अधिक प्रामाणिकपणे उतरते. हे मत मांडायला सध्या एक निमित्तही आहे.

येत्या हिवाळ्यात आम्ही अकराजण, म्हणजे दोन शिक्षक आणि नऊ विद्यार्थी, रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यात दोन रात्रींच्या मुक्कामाला जाण्याचे योजत आहोत. एका अंगाला फणसाडचे रान, दुसऱ्या अंगाला काशीद-मुरूडचा किनारा, आणि मध्ये एका वाडीत भाड्याने मिळणारी लाकडी खोपी. बेत ठरला आणि यादी सुरू झाली, तसा एका व्यासंगी सहकाऱ्याने आक्षेप घेतला. यादी करून अरण्यात जाणे म्हणजे पाढे म्हणत प्रेमात पडण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. अरण्य अवचित भेटले पाहिजे. आखलेल्या भेटीत उरते ते पर्यटन. आक्षेप चतुर आहे आणि त्यामागे एक संपूर्ण वाङ्मयीन परंपरा उभी आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यावेसे वाटते.

आरंभ शब्दापासून करू. काशीद-मुरूडच्या रस्त्याने आता ‘वुडन केबिन’ अशा पाट्या दिसतात. आपल्या भाषेत आजवर केबिन असे ती साहेबाची, रेल्वेच्या सिग्नलवाल्याची किंवा ट्रकच्या ड्रायव्हरची. रानातल्या निवाऱ्याला आपल्याकडे दुसरे शब्द आहेत: खोपी, झाप, राखणीचा माळा, तळकोकणात मांगर. हे सारे शब्द कामाचे आहेत. पिकात डुकरे शिरू नयेत म्हणून माळ्यावर जागायचे. अवजारे, गवत, पिकलेला माल ठेवायला मांगर घालायचा. हंगामापुरते वस्तीला खोपीत यायचे. तिथे विश्रांतीसाठी कोणी जात नसे. याखेरीज पर्णकुटी आणि आश्रम हे शब्द आहेत, ते वैराग्याचे किंवा वनवासाचे. आणि डाकबंगला आहे, तो सत्तेचा. म्हणजे रानात राहण्याची तीनच कारणे मराठीला ठाऊक होती: राबणे, त्यागणे आणि राज्य करणे. पैसे मोजून दोन दिवसांची निष्क्रियता विकत घेणे हे चौथे कारण नवे आहे, आणि त्याला आपला शब्द नाही म्हणून आपण उसना घेतला. उसनवारीबद्दल तक्रार नाही. पण शब्द नवा असला की त्याच्याबरोबर येणारी भूमिकाही तपासून घ्यावी लागते.

आमच्या विद्यार्थ्यांत किनाऱ्यावरच्याच एका कोळीवाड्यातली एक मुलगी आहे. बेत ऐकून ती हसली आणि म्हणाली, “सर, खोपीत राहायला पैसे भरायचे? आमच्या बाबांना कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.” वर्गाने विनोद म्हणून ते सोडून दिले. मला मात्र त्यात एका प्रबंधाचा विषय दिसला.

आता पर्णकुटीकडे वळू. वाल्मीकिरामायणात अरण्यकांडाच्या पंधराव्या सर्गात पंचवटीची कुटी उभी राहते. हा सर्ग मी अलीकडे पुन्हा वाचला, तो मुक्कामाच्या नियोजनाचा पाठ म्हणून. अगस्त्यांनी जागेचा प्रदेश सुचवलेला आहे. नेमकी जागा निवडायची आहे. राम लक्ष्मणाला निकष सांगतो: सीतेचे मन रमेल अशी जागा हवी, पाणी जवळ हवे, समिधा, फुले आणि दर्भ हाताशी हवेत. लक्ष्मण हात जोडून म्हणतो की तुम्ही असताना मी परतंत्र आहे, जागा तुम्हीच दाखवा, इथे बांध असे सांगा. मग राम त्याचा हात धरून जागा दाखवतो. त्यानंतर माती लिंपून केलेल्या भिंती, खांब, मोठे वेळू, शमीच्या फांद्या, कुश-काशांचे शाकारणे असा बांधकामाचा तपशील येतो. कुटी झाल्यावर लक्ष्मण गोदावरीवर स्नान करून कमळे घेऊन येतो, पुष्पबली आणि वास्तुशांती करतो, आणि मगच ती रामाला दाखवतो. राम प्रसन्न होऊन त्याला आलिंगन देतो, आणि हे आलिंगन तुझ्या कामाचे पारितोषिक म्हणून देत आहे, असे स्वतःच म्हणतो.

हा प्रसंग आपण बंधुप्रेमाचा नमुना म्हणून शिकवतो, आणि तो आहेही. पण आदिकवीने निकषांची यादी, साहित्याची यादी, श्रम कोणाचे आणि त्याचा मोबदला काय, हे चारही मुद्दे नोंदवून ठेवले आहेत याकडे लक्ष वेधावेसे वाटते. निवड एकाची, राबणे दुसऱ्याचे, आणि राबण्याची किंमत मिठीत चुकती केलेली. कवीने यातले काहीही लपवले नाही. आपण मात्र वाचताना ते वगळतो. चित्रातली पर्णकुटी आपल्या डोळ्यांसमोर नेहमी तयारच उभी असते, दाराशी एक हरीण.

पाश्चात्त्य परंपरेत हीच गाळणी थोरोच्या वाट्याला आली. दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले, त्यामुळे आपल्या वाचकांना हे पुस्तक परके नाही. तरीही वर्गात ‘वॉल्डन’ म्हटले की एकांत, तळे, सूर्योदय. पुस्तकाचे पहिले आणि सर्वांत लांब प्रकरण अर्थव्यवहाराबद्दल आहे, हे विद्यार्थ्याला परीक्षेपुरते ठाऊक असते. १८४५च्या मार्चअखेरीस उसनी कुऱ्हाड घेऊन थोरो रानात गेला. ४ जुलैला दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा घरात राहायला आला. त्या घराचा हिशेब त्याने छापला आहे: एकूण २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. फळ्या, जुन्या विटा एक हजार, काचेसह दोन जुन्या खिडक्या, चुना, खिळे, दाराची कडी १० सेंट, खडू १ सेंट. साहित्याच्या इतिहासात खडूचा एक सेंट नोंदवणारा दुसरा लेखक मला तरी आठवत नाही.

त्या फळ्या कुठून आल्या, हे थोरोने तितक्याच चोख सांगितले आहे. रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली. ठरल्याप्रमाणे कुटुंबाने पहाटे घर रिकामे केले. सकाळी सहाला थोरो ताबा घ्यायला निघाला, तेव्हा ती माणसे त्याला वाटेत भेटली. सारा संसार एका मोठ्या गाठोड्यात: अंथरूण, कॉफीचे जाते, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढे मागे राहिले. ते रानात गेले आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेले. एका कुटुंबाचे घर उकलून त्याच्या फळ्यांतून जगातले सर्वांत प्रसिद्ध एकांतस्थान उभे राहिले. थोरोचे कपडे त्याच्या घरची माणसे धूत असत, अशी कुत्सित टीका आता इतकी जुनी झाली आहे की ती करण्यात स्वारस्य नाही. कॉलिन्सचा परिच्छेद तिच्यापेक्षा खोल आहे, आणि तो टीकाकाराने शोधलेला नाही, खुद्द लेखकाने लिहिलेला आहे. हिशेब मांडायला बसलेला माणूस असे काही लिहून जातो, जे निव्वळ चिंतन करणारा लिहीत नाही. यादीचे सामर्थ्य म्हणतो ते हे.

आमच्या यादीतही कडी आहे. विद्यार्थिनींनी पहिल्याच दिवशी लिहिलेली पहिली नोंद होती: दाराला आतून कडी आहे का, आणि ती नीट लागते का. दुसरी नोंद संडासाची आणि तिथवर जाणाऱ्या वाटेवरच्या उजेडाची. मुलांच्या यादीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्यांच्या यादीची सुरुवात शेकोटीपासून होती. थोरोने १० सेंटची कडी बसवली, पण आपल्या दाराला कुलूप वा अडसर नव्हता आणि चोरीला गेले ते होमरचे एक पुस्तक तेवढे, असे तो अभिमानाने सांगतो. हा अभिमान पुरुषाला परवडणारा आहे. व्हर्जिनिया वूल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी पैसा आणि खोली मागितली, तेव्हा त्या खोलीच्या दाराला कुलूप असण्याची अटही घातली होती. ‘वॉल्डन’ आणि वूल्फचा तो निबंध एकाच सत्रात शिकवणाऱ्या शिक्षकांनी या दोन दारांवर एक तास जरूर खर्च करावा.

रान आणि समुद्र यांच्या शेजाराला आले की नियोजनाचा प्रश्न निराळा होतो. रान थांबते. आपण चुकलो तर वाट पुन्हा शोधता येते. समुद्र आपल्या वेळेने येतो आणि जातो. त्याच्या वेळापत्रकात आपली गणना नाही. हेन्री बेस्टनचे ‘द आउटरमोस्ट हाउस’ हे १९२८चे पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. केप कॉडच्या वाळूच्या टेकाडावर त्याने दोन खोल्यांचे घर बांधून घेतले, पंधरवडा राहायला म्हणून गेला आणि वर्षभराचा मुक्काम लिहून परतला. पण त्याचा एकांत निर्जन नव्हता. शेजारच्या ठाण्यातले तटरक्षक रात्री कंदील घेऊन किनाऱ्यावरून गस्त घालत, त्याच्या दाराशी थांबत. शिधा तो पाठीवर वाहून आणी. पुस्तकात ही माणसे आहेत, त्यांची कामे आहेत, वादळात फुटलेल्या जहाजांवरून माणसे वाचवण्याची हकिगत आहे. पुढे त्या घराला वाङ्मयीन स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि १९७८च्या फेब्रुवारीतल्या वादळात समुद्राने ते उचलून नेले.

याच्या शेजारी जॅक केरुआकची ‘बिग सर’ ही १९६२ची कादंबरी ठेवून पाहावी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, दरीतल्या झाडीत, कवी फर्लिंगेटीच्या लाकडी खोपीत १९६० साली तो राहिला. प्रसिद्धी आणि दारू यांपासून पळून तो तिथे आला होता. समुद्र त्याला तिथे शांत करीत नाही, भिववतो. लाटांचा आवाज त्याला परत जायला सांगतो आहे असे त्याला वाटू लागते. रान आणि समुद्र औषधासारखे घ्यायला गेलेल्या माणसाची ही नोंद आहे, आणि तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण बेस्टनला किनाऱ्यावरची माणसे दिसली आणि केरुआकला मुख्यतः स्वतःचे मन दिसले, हा फरक केवळ स्वभावाचा नसावा. पाणी, शिधा, गस्तीची वेळ यांच्या हिशेबात जो रोज गुंततो, त्याला स्वतःबाहेर पाहावेच लागते.

मराठीकडे वळावे तर मारुती चितमपल्ली हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. २०२५ साली ते गेले, तेव्हा बहुतेक श्रद्धांजलींत अरण्यऋषी हे बिरुद आले. ते वनाधिकारी होते हे वाक्य मात्र चरित्राच्या तपशिलात ढकलले गेले. वस्तुतः त्यांचे गद्य उभे आहे ते नोकरीच्या फिरतीवर, रोजनिशीवर, आणि रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे विचारून घेण्याच्या चिकाटीवर. ऋषी म्हटले की हे सारे श्रम झाकले जातात, जसे पर्णकुटी म्हटले की लक्ष्मणाचे.

आता फणसाडबद्दल. हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९८६ साली इथे अभयारण्य घोषित झाले. म्हणजे इथे आखून येणारे आपण पहिले नव्हेत. शिकारीइतके काटेकोर नियोजन दुसऱ्या कोणत्या सहलीला लागत असेल? जनावर पाण्यावर कधी येते हे ठाऊक असल्याशिवाय शिकार होत नाही, आणि ते ठाऊक असते गावच्या माणसाला. त्या पाण्याला इथे गाण म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावे आहेत. एका गाणीवरूनच अभयारण्याचे नाव पडले. मराठीच्या विद्यार्थ्याला गाण हा शब्द कोशात शोधण्यापूर्वी कानांनी ऐकता यावा, एवढ्यासाठीसुद्धा इथे यावे. हिवाळ्यात रान वाळू लागले की जनावर गाणीभोवती सरकते, म्हणून पहाटे गाणीकडे, आणि तेही वनरक्षकाच्या सोबतीने, हे आमच्या यादीतले पहिले ठरलेले कलम.

दुसरा शब्द गारंबी. आपल्याला गारंबी म्हटले की श्री. ना. पेंडशांचा बापू आठवतो, १९५२च्या कादंबरीतला. फणसाडात गारंबी ही एक अजस्र वेल आहे. मांडीएवढ्या जाडीची, झाडावरून झाडावर पसरत जाणारी, हातभराहून लांब शेंगांची. शब्द एकच, पण एक गाव आणि एक वेल. विद्यार्थ्यांनी ही वेल पाहून मग कादंबरी पुन्हा उघडावी, असे एक कलम मी शिक्षकी सवयीने घुसडले आहे. तिसरी गोष्ट शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार एकाच वेळी अनेक घरटी बांधून ठेवते. पर्यायी मुक्कामाची तरतूद आम्हीही केली आहे, पण तिच्याइतकी चोख नाही.

शेकोटीचे कलम मात्र गाळावे लागले. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने विस्तव करणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. आणि खोपी अभयारण्याबाहेर असली तरी पौष-माघातले वाळलेले गवत हद्द पाहून पेटत नाही. एका विद्यार्थ्याने विचारले, “मग सर, रात्री करायचं काय?” प्रश्न गंभीर आहे. रात्र म्हणजे करण्याची गोष्ट, असे मानणाऱ्या पिढीला काळोखात नुसते बसणे हे कलम वाटत नाही. मी ते यादीत लिहिले आहे: दुसरी रात्र, आठ ते नऊ, दिवे बंद. ध्वनिक्षेपक, पत्ते, गाण्यांच्या भेंड्या यांवर बंदी घातलेली नाही. या एका तासापुरती ती आहे.

आता समुद्र, आणि इथे हलक्या स्वराला जागा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मेले. आपल्यासारख्याच एका महाविद्यालयातली, विशीच्या आतबाहेरची मुले. सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा दिवस नावासारखा लक्षात ठेवावा. त्या दिवशी कोणाचे काय चुकले याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मला बोलायचे आहे ते आपल्याविषयी. समुद्रावर दहा कविता शिकवणाऱ्या किती शिक्षकांना आज संध्याकाळी पाणी चढते आहे की उतरते आहे, हे सांगता येईल?

कोळीवाड्यातल्या त्या मुलीने फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण. दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि त्यानंतर पाणी चढते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे, आणि ती उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे उतार-चढाव कमी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, म्हणून पाऊणपट. आमच्या आधीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी शाळेत पाठ असत. पाऊणकीचा उपयोग काय, हे गावातल्या शाळेत कोणी विचारले तर उत्तर समुद्राकडे बोट दाखवून देता येत असे. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी, आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर गावकऱ्याला विचारावे. पण ढोबळ हिशेब येणाऱ्यालाच तक्ता पाहण्याची बुद्धी होते.

पंचांगात मागे जाऊन पाहिले. १ फेब्रुवारी २०१६ला पौष वद्य अष्टमी होती. पाऊणपटीच्या हिशेबाने दुपारनंतर पाणी चढते असणार. वेळ भांगाची होती, उधाणाची नव्हे. भांगाचे पाणी गरीब असते असा समज कोणाचा असेल तर त्याने ही तारीख त्याच्यापुढे लिहून ठेवावी. हिशेब येत असता तर ती मुले वाचली असती, असे मी म्हणत नाही. अशा वाक्यांना अर्थ नसतो. मात्र आमच्या यादीत आता असे लिहिले आहे: पाण्यात कोणीही, कितीही उथळ असले तरी, उतरणार नाही, किनाऱ्यावर जाणे उतरत्या पाण्याच्या वेळी आणि परतणे पाणी फिरण्याआधी, मोजणी तीनदा. माझ्या सहकाऱ्यांना हे पाढे म्हणत प्रेमात पडणे वाटत असेल तर वाटो. या किनाऱ्यावर पाढे न म्हणता प्रेमात पडणे मला मान्य नाही.

आणखी एक नोंद, जी सहलीच्या कुठल्याच तयार यादीत नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-आठ वर्षे जातात. वाडीवाल्याचे वादळ म्हणजे एक दिवसाचे नसते. तुटलेल्या उत्पन्नाच्या जागी काही वाड्यांत पाहुण्यांसाठी खोल्या आणि खोप्या उभ्या राहिल्या. आम्ही ज्या खोपीत राहणार, तीही पडलेल्या झाडांच्या मोकळ्या जागेत बांधलेली आहे. कॉलिन्सच्या फळ्यांची आठवण मला इथे झाली. फरक एवढाच की इथे घर मोडून कोणी गाठोडे घेऊन निघालेले नाही. ज्यांची वाडी पडली त्यांनीच ती फळीफळीने उभारली आहे, आणि भाडे त्यांनाच जाते. म्हणून भाड्यात घासाघीस करायची नाही, जेवण त्यांच्याच घरचे घ्यायचे, शहरातून डबे आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी न्यायची नाहीत, ही कलमे यादीत शिष्टाचार म्हणून आलेली नाहीत. रान, समुद्र आणि आपण यांच्यामध्ये जो माणूस उभा आहे त्याचा हिशेब पुरता करणे हा या मुक्कामाच्या अभ्यासाचा भाग आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने परतल्यावर प्रवासवर्णन न लिहिता जमाखर्च लिहावा, थोरोच्या नमुन्याने, खडूच्या सेंटपर्यंत, असे ठरले आहे. कोणी राबले, कोणी निवडले, मोबदला कशात दिला, हे रकाने मी आखून दिले आहेत.

उत्स्फूर्ततेच्या बाजूने जे बोलतात त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की अवचित भेटलेल्या अरण्याची वाट कोणाला ठाऊक होती? आपल्याकडच्या ललित लेखनात सहज पाय वळले आणि रानात पोहोचलो, अशी वाक्ये पुष्कळ आहेत. पाय सहज वळतात तेव्हा बहुधा घरी कोणीतरी सहज स्वयंपाक करत असते. हे लेखन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्यातली काही वाक्ये माझ्या आवडीची आहेत. पण ‘सहज’ या शब्दाखाली काय काय दडपले जाते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने नाही पाहायचे तर कोणी?

यादी अजून पुरी झालेली नाही. तिथीवर दोन दिवस वाद झाला. चांदण्यासाठी पौर्णिमा हवी असे काहींचे मत होते. त्या दिवशी दुपारी बाराला आणि मध्यरात्री उधाण, आणि सूर्यास्ताच्या वेळी लांबवर पसरलेली वाळू. पसरलेली वाळू पाहून मुले पुढे जातात आणि पाणी काळोखात फिरते, म्हणून ते नाकारले. अखेर शुद्ध एकादशी ठरली. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे पहाट रानाला, आणि किनारा दुपारी, पाणी उतरत असताना, अडीचच्या आत परत. चांदणेही बऱ्यापैकी मिळेल. तांदळाच्या भाकऱ्या माणशी किती, हा वाडीवरच्या काकूंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. मुलांनी दिलेले आकडे विश्वसनीय नाहीत. कडीबद्दल मात्र त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले: कडी आहे, पण पावसात दार फुगल्यामुळे ती बसत नाही. सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे.